मोडलं काय, कुठे आणि किती मैलांवर

१८८७ साली न्यूयॉर्कमध्ये आठशेहून अधिक पानांचं एक पुस्तक निघालं. ‘टेन थाउजंड माइल्स ऑन अ बायसिकल’ हे त्याचं नाव. लेखकाने कार्ल क्रॉन हे टोपणनाव घेतलं होतं. खरं नाव लायमन हॉचकिस बॅग. तीन हजारांहून अधिक लोकांकडून एकेक डॉलरची वर्गणी आधीच कबूल करून घेऊन त्याने ते स्वतःच छापलं. वाचायला ते सोपं नाही. बारीक टायपात रस्त्यांच्या आणि अंतरांच्या नोंदी ठासून भरल्या आहेत. तरीही सायकलींच्या इतिहासात त्याचं मोल मोठं आहे, कारण त्यात एका सायकलचं चरित्र आहे. ४६ इंची चाकाची ती कोलंबिया, कारखान्याचा क्रमांक २३४, १८७९ ते १८८४ या वर्षांत दहा हजार मैल चालली. तिचं काय काय झालं ते क्रॉनने लिहून ठेवलं. तेवढ्यावर न थांबता त्याने इतर जुन्या सायकलस्वारांना पत्रं धाडून त्यांच्याही मैलांचे आकडे मागवले आणि त्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिलं. लांबच्या प्रवासासाठी सायकल घेण्यापूर्वी ती वापरलेल्यांना विचारावं, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास आहे हेच लक्षात येत नाही. माझं म्हणणं असं आहे की मालकाच्या हकिकतीचा एक भाग फार भरवशाचा असतो आणि दुसरा जवळजवळ निरुपयोगी, आणि यांतला कोणता कोणता हे ओळखायला सायकलस्वारांना शंभर वर्षं लागली. काय मोडलं, चाकाच्या कुठल्या बाजूला, किती अंतरानंतर, किती ओझं लादलेलं असताना, आणि ते कुठे कसं दुरुस्त झालं, हे मालक बरोबर सांगतो. ते का मोडलं आणि सायकल एकंदरीत चांगली की वाईट, हे त्याला सांगता येत नाही. पण तो ठासून बोलतो ते याच दोन गोष्टींवर, आणि आपणही त्याला नेमकं तेच विचारतो.

क्रॉनचे दहा हजार मैल पुरे होत होते त्याच महिन्यात थॉमस स्टीव्हन्स जगप्रदक्षिणेला निघाला. २२ एप्रिल १८८४ रोजी पन्नास इंची कोलंबियावर बसून त्याने सॅन फ्रान्सिस्को सोडलं आणि ऑगस्टमध्ये बॉस्टन गाठलं. पुढच्या टप्प्यांत युरोप, तुर्कस्तान, इराण, लाहोर ते कलकत्ता हा आपला ग्रँड ट्रंक रस्ता आणि चीन करून १८८६च्या डिसेंबरात तो योकोहामाला थांबला. टायर भरीव रबराचे. डनलॉपचा हवेचा टायर यायचा होता १८८८ साली. या पराक्रमापुढे मान तुकवावीच लागते. मात्र सायकलच्या टिकाऊपणाचा पुरावा म्हणून तो पाहू गेलं तर हाती फार थोडं लागतं. स्टीव्हन्सच्या पाठीशी ‘आउटिंग’ मासिक होतं, आणि त्या मासिकात कोलंबियाचे निर्माते अल्बर्ट पोप यांचा पैसा होता. म्हणून स्टीव्हन्स खोटं लिहितो असं मुळीच नाही. अडचण वेगळीच आहे. एक माणूस एका सायकलवर जगाला फेरी घालून आला, तर अशी फेरी घालता येते एवढं सिद्ध होतं. तशाच शंभर सायकली निघाल्या असत्या तर किती पोचल्या असत्या, याबद्दल ती हकीकत काहीच बोलत नाही. दहा वर्षांनी, १८९४च्या जूनमध्ये, बॉस्टनहून ‘अ‍ॅनी लंडनडेरी’ निघाली. हे आडनाव तिने झऱ्याचं पाणी विकणाऱ्या एका कंपनीकडून शंभर डॉलर घेऊन जाहिरातीसाठी लावलं होतं. ती निघाली ४२ पौंडी कोलंबियावर, आणि शिकागोला पोचल्यावर ती सोडून २१ पौंडांची स्टर्लिंग घेतली. यानंतर स्टर्लिंगच्या बाजूने छापून आलेल्या साऱ्या स्तुतीपेक्षा मला ही अदलाबदल अधिक बोलकी वाटते. पहिली सायकल या कामाला जड होती, एवढं तिच्यावरून नक्की कळतं. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याने कोणता भाग बदलला हे पाहावं, हा धडा तेव्हापासून समोर होता. पण त्या दशकातल्या जाहिराती समाधानी ग्राहकांच्या पत्रांनी भरून निघत होत्या आणि लोक ती पत्रं पुरावा म्हणून वाचत होते.

इंग्लंडमध्ये या गोष्टीला संस्थेचं रूप आलं. १८७८ साली हॅरोगेट इथे बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचं नाव सायकलिस्ट्स टूरिंग क्लब झालं. गावोगावी क्लबचे प्रतिनिधी नेमलेले असत, पंख असलेल्या चाकाची त्याची खूण खानावळींच्या भिंतींवर लागे, आणि सभासदांचे अनुभव क्लबच्या पत्रिकेतून सगळ्यांपर्यंत पोचत. त्याच सुमारास कॉव्हेंट्रीचा शाळामास्तर हेन्री स्टर्मी बाजारातल्या सायकलींची वर्णनं देणारी हस्तपुस्तिका काढू लागला आणि पुढे ‘द सायकलिस्ट’ या नियतकालिकाचा संपादक झाला. हाच स्टर्मी विसाव्या शतकाच्या आरंभी तीन गतींच्या हबमुळे स्टर्मी-आर्चर या नावात कायमचा जाऊन बसला. परीक्षक आणि निर्माता ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे यावीत यात त्या काळी कुणाला वावगं वाटलं नाही, कारण धंदा लहान होता आणि जाणकार मूठभर. क्लबच्या पद्धतीतला खरा दोष हितसंबंधांचा नव्हताच. पत्र कोण लिहितं, हा तो दोष. ज्याची सायकल आडरानात मोडली तो लिहितो, ज्याला ती जिवापाड आवडते तो लिहितो. ज्याची सायकल तीन उन्हाळे नुसती मुकाट्याने चालली, त्याला लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसतं. शिवाय एखाद्या सायकलबद्दल दहा तक्रारी आल्या तर त्या शंभरातल्या दहा की दहा हजारांतल्या दहा, हे पत्रिकेच्या संपादकाला कळायला मार्ग नव्हता. जास्त खपणारी सायकल जास्त बदनाम होते, हे इतकं सरळ आहे, तरी आजही विसरलं जातं.

फ्रेंचांनी याला वेगळं उत्तर दिलं. १८९० साली स्थापन झालेल्या तूरिंग क्लब द फ्रान्सने शब्दांवर विसंबण्याऐवजी सायकलीच परीक्षेला बसवल्या. १९०२ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले खिंडीवर प्रवासी सायकलींची चाचणी झाली. याच कल्पनेतून १९३०च्या आणि १९४०च्या दशकांत यंत्रांच्या स्पर्धा घडल्या. हलकेपणाला गुण मिळत, पण दिवे, मडगार्ड, कॅरिअर यांसकट सायकल खडबडीत रस्त्यांवरून नेऊन परत तपासणीला हजर करावी लागे. सैल झालेली वाटी, तुटलेली तार, डुलणारं मडगार्ड या सगळ्यांचे गुण कापले जात. १९४६ साली आलेक्स सिंजे या पॅरिसच्या कारागिराने सगळ्या सामानासकट सात किलोंच्या आत बसणारी सायकल उतरवली, यावरून या स्पर्धांनी कारागिरीला किती ताणलं ते दिसतं. इथे कोण लिहितं आणि कोण गप्प बसतं हा प्रश्नच उरला नाही, कारण सुरुवातीला किती सायकली निघाल्या हे परीक्षकांच्या वहीत होतं. एक मर्यादा मात्र राहिली: परीक्षा दिवसांची, प्रवास वर्षांचा. शिवाय स्पर्धेला पाठवलेली सायकल कारागिराने जीव ओतून बनवलेली असते. दुकानातून उचललेल्या सायकलबद्दल ती काय सांगणार?

आणि फ्रान्समध्येच एकदा असं घडलं की मालकांच्या हकिकती बरोबर ठरल्या आणि नावाजलेले लोक चुकले. सेंत एतिएन इथला पॉल द व्हिव्ही, ज्याला सारे व्हेलोसिओ म्हणत, १८८७ पासून ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवत होता. डोंगराळ मुलखात एकच गती पुरत नाही, गिअर बदलता यायला हवेत, हे तो आणि त्याच्या भोवतीचे प्रवासी वर्षानुवर्षं स्वतःच्या अंतरांच्या आणि चढांच्या नोंदी देऊन सांगत राहिले. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज मात्र शर्यतीत गिअर येऊ द्यायला तयार नव्हता, आणि चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत येऊ शकले नाहीत. कुणी म्हणेल, व्हेलोसिओ सायकली विकत होता, त्याचा स्वार्थ होताच. होता, हे खरं आहे. तरी त्याच्या वाचकांच्या हकिकतींना वजन आलं ते वेगळ्या कारणाने: त्या एकमेकांशी ताडून पाहता येत होत्या. अमुक चढ, अमुक ओझं, अमुक दात्यांचं चाक, इतके तास. हाच चढ दुसऱ्या कुणीही चढून पाहावा. पडताळा घेता येईल अशा हकिकतीला सांगणाऱ्याचा स्वार्थ फारसा बाधत नाही. निव्वळ स्तुतीला मात्र तो पूर्ण बाधतो.

मालकाला काय कळतं आणि काय कळत नाही, याचं सर्वांत चांगलं उदाहरण चाकाच्या तारांचं, म्हणजे स्पोकचं आहे. लांब प्रवास करणाऱ्यांच्या लिखाणात एक तक्रार सतत भेटते: मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची तार, हबपाशी जिथे ती वाकते तिथे तुटली. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या सायकलींवरचे लोक एकच जागा दाखवतात. इतकी एकवाक्यता असलेली साक्ष दुर्लक्षून चालत नाही, आणि ती खरीही होती. कारण सांगताना मात्र तेच लोक भरकटत. खड्ड्यात चाक आपटलं, ओझं जास्त झालं, तारा बारीक होत्या, जाड घ्यायला हव्या होत्या. १९८१ मध्ये जॉब्स्ट ब्रँट या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याचं ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक आलं. आल्प्समध्ये वर्षानुवर्षं सायकल चालवलेला हा माणूस. त्याने दाखवलं की तार एका धक्क्याने तुटत नाही, ती थकून तुटते. चाक फिरतं तेव्हा जमिनीजवळ येणाऱ्या तारेचा ताण क्षणभर कमी होतो आणि ती वर गेली की पुन्हा भरतो. साधारण सव्वादोन मीटरच्या आत घेर असलेलं चाक एका किलोमीटरला साडेचारशेहून अधिक फेरे घेतं. दहा हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक तार सेहेचाळीस लाखांच्या आसपास वेळा सैल-ताठ होते. वाकाच्या जागी तार घडवतानाचा ताण शिल्लक राहिला असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. उपाय असा की चाक बांधून, आउट काढून झालं की समांतर तारांच्या जोड्या हातांनी जोरात आवळायच्या, म्हणजे तो शिल्लक ताण निघून जातो. आणि मधल्या भागात बारीक केलेल्या तारा सरसकट जाड तारांपेक्षा जास्त टिकतात, कारण त्या लवतात. मालकांनी मागितलेला उपाय आणि खरा उपाय एकमेकांच्या उलट दिशांना होते. पण मालकांनी हजार वेळा ‘चेनच्या बाजूला, वाकापाशी’ असं लिहिलं नसतं, तर शोधायचं कुठे हे कुणाला कळलं असतं?

मागच्या चाकाच्या आसाचंही तसंच. पाच, सहा, मग सात दातेरी चाकांची फ्रीव्हील हबवर आटे देऊन बसवायची पद्धत होती, तोवर उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहत. त्यामुळे छर्ऱ्यांपासून फ्रेमच्या खाचेपर्यंत आसाचा बराच तुकडा आधाराविना लोंबकळे. ओझ्याच्या सायकलींचे आस वाकत, तुटत. आसाचं पोलाद वाईट असतं, असा दोष मालक देत. दोष रचनेचा होता. १९७८ मध्ये शिमानोने फ्रीव्हीलची यंत्रणा हबच्याच अंगात बसवली आणि उजवे छर्रे पार बाहेरच्या टोकाशी नेले, तेव्हा आसाला आधार मिळाला. हळूहळू ही रचना सर्वत्र आली आणि आस तुटल्याच्या हकिकती कमी होत गेल्या. तक्रार बंद होणं हासुद्धा पुरावा असतो, आणि तो मिळतो फक्त जुन्या तक्रारी जपून ठेवल्या असतील तरच. म्हणून क्लबांच्या जुन्या पत्रिका मला मोलाच्या वाटतात. त्यांतली मतं सोडून द्यावीत आणि मोडतोडीच्या नोंदी वेचाव्यात.

विश्वासार्ह म्हणजे न मोडणारी, हेही प्रवाशाच्या बाबतीत अपुरं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे साडेचार वर्षांनी, १८ मार्च १९२८ला, सुमारे ७० हजार किलोमीटर करून मुंबईत परतले. ‘विथ सायकलिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचं पुस्तक १९३१चं. वाळवंटांतून आणि रस्ता नसलेल्या मुलखांतून त्या काळच्या साध्या, जड सायकली गेल्या, यावरून त्या अजिंक्य होत्या असं समजण्याचा मोह होतो. पण साडेचार वर्षांत कुठल्याही सायकलचे टायर, चेन, छर्रे पुन्हा पुन्हा संपणारच. तशा साध्या सायकलचा खरा गुण हा की जवळजवळ प्रत्येक भाग साध्या पान्याने निघतो, आणि जगभर पसरलेल्या ब्रिटिश घाटाच्या सायकलींमुळे सुटे भाग किंवा निदान ते ओळखणारा रिपेरवाला भेटतो. १९६३ मध्ये आयर्लंडहून दिल्लीकडे निघालेल्या डर्व्हला मर्फीने आपल्या आर्मस्ट्राँग कॅडेटचा तीन गतींचा गिअर निघण्यापूर्वी काढून टाकला, आशियातले रस्ते त्याला सोसणार नाहीत म्हणून. व्हेलोसिओला हा निर्णय मान्य झाला नसता, आणि दोघांचंही बरोबर आहे: एकाला फ्रान्समधले डोंगर चढायचे होते आणि हाताशी कारागीर होते, दुसरीला अफगाणिस्तानातून एकटीने जायचं होतं. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ह्योव्हेलहोफ गावातून निघालेला हाइन्झ श्ट्यूके तर तीन गतींच्या एकाच पोलादी सायकलवर अनेक दशकं हिंडत राहिला आणि त्याची एकूण मजल सहा लाख किलोमीटरांपलीकडे गेली. त्या सायकलची फ्रेम वारंवार मोडली आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वेल्डरने ती जोडून दिली. एकाच हकिकतीतून ‘फ्रेम इतक्यांदा मोडली’ आणि ‘सायकल जन्मभर पुरली’ ही दोन्ही विधानं खरी निघतात. ज्याला सायकल निवडायची आहे त्याने ठरवावं की आपल्या वाटेवर वेल्डर आहे की नाही.

यावर सर्वांत बळकट आक्षेप प्रयोगशाळेकडून येतो. लोकांच्या आठवणींच्या भानगडीत पडताच कशाला, यंत्रावर चढवा आणि मोडेपर्यंत दाब द्या. १९९७ साली जर्मनीच्या ‘टूर’ मासिकाने नेमकं हेच केलं. उत्तम प्रतीच्या बारा फ्रेम घेऊन त्यांना पेडलिंगसारखे लाखो हेलकावे दिले. पोलाद चिवट आणि अ‍ॅल्युमिनियम लवकर थकणारं, ही सायकलस्वारांमधली पक्की समजूत. चाचणीत शेवटपर्यंत टिकलेल्या फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या निघाल्या. पोलादी एकही टिकली नाही. धातूचं नाव ऐकून भाकीत करू नये, नळीचा आकार आणि सांध्याची रचना पाहावी, हे त्या चाचणीने स्वच्छ दाखवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मतांवर ती भारी पडली हे मान्य करायलाच हवं. पण ती कशावर भारी पडली ते पाहावं. ‘पोलाद चांगलं’ हे मत आहे, कारणमीमांसा आहे. आणि मालकाच्या कारणमीमांसेवर विसंबू नये हेच तर इथे मांडतो आहे. काय, कुठे, किती अंतरावर या साक्षीला त्या चाचणीने धक्का लावलेला नाही. शिवाय त्या फ्रेम शर्यतीच्या सायकलींच्या होत्या. कॅरिअरचे बोल्ट सैल होणं, खारट हवेत गंज, चार बॅगांच्या ओझ्याने फ्रेमला येणारा पीळ, रेल्वेच्या डब्यात आडवी टाकल्यावर वाकलेली खाच, या गोष्टी प्रयोगशाळेच्या यादीत यायला त्या आधी कुणीतरी प्रवासात सोसून, लिहून ठेवाव्या लागतात.

उरतो तो भागाकाराचा प्रश्न: तक्रारी किती हे कळलं, पण सायकली किती? मोटारींच्या बाबतीत अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने १९५०च्या दशकापासून आपल्या सगळ्या वर्गणीदारांना प्रश्नावली पाठवून याची वाट काढली. ज्यांची गाडी बिघडली नाही त्यांनाही विचारलं, हे त्या पद्धतीचं सगळं रहस्य. प्रवासी सायकलींचा बाजार त्या मानाने चिमुकला, म्हणून तिथे हे क्वचितच जमतं. १९७६ साली अमेरिकेत ‘बाइकसेंटेनियल’च्या निमित्ताने चार हजारांहून अधिक लोक एका उन्हाळ्यात एकाच आखलेल्या मार्गाच्या कमी-अधिक भागावर निघाले. सायकल, ओझं आणि स्वार निरनिराळे, रस्ता एकच, निघालेल्यांची संख्या ठाऊक. अशा ठिकाणच्या दहा हकिकती सुट्या सुट्या आलेल्या शंभरांपेक्षा जास्त सांगू शकतात. दुसरी वाट वस्तूवरच कोरलेली असते. १९९८ पासून विकला जाणारा रोलॉफचा चौदा गिअरांचा हब दूरच्या प्रवाशांमध्ये फार प्रिय आहे, आणि त्याच्या अंगावर अनुक्रमांक कोरलेला असतो. तारा ज्या कडेला ओवतात ती कड तडकल्याच्या हकिकती काही मालकांनी सांगितल्या. पुढे कंपनीने कडेला बळकटी देणारी कडी उपलब्ध केली. ज्यांनी हकिकतीसोबत अनुक्रमांक, चाकात ३२ तारा की ३६, चाक किती वेळा उतरवून पुन्हा बांधलं आणि तडा कितव्या किलोमीटरला दिसला हे दिलं, त्यांची प्रत्येक ओळ कामाची आहे. लहान क्रमांकाचे हब मोडतात आणि मोठ्या क्रमांकाचे मोडत नाहीत, की सगळीकडे सारखंच, हे त्यातून ताडता येतं. क्रमांक लाखांत गेला असेल तर पाच-पंचवीस तडे म्हणजे किती थोडं, हेही कळतं. ज्यांनी ‘इतका महाग हब आणि ही दशा’ एवढंच लिहिलं, त्यांच्या संतापाबद्दल सहानुभूती वाटते, पण त्यावरून कुणाला हब घ्यायचा की नाही हे ठरवता येणार नाही. अशा माणसाला उलट पत्र धाडून हबवरचा अनुक्रमांक, तारांची संख्या आणि किलोमीटर विचारावेत. ते त्याच्याकडे असतातच.